बिननवसाचा डोंगर

आदिलाबादकडच्या बेल्यात माणसानं डोंगर चढायला कोणाची हरकत नसते, फक्त कशासाठी चढता ते सांगावं लागतं. म्हैस हरवली म्हणून चढा, सरपणासाठी चढा, बायकोशी भांडून चढा, लोक वाट सोडून उभे राहतील. पण "सहज चढतो" म्हणालात की तुमचं काही खरं नाही. नागोराव तेच म्हणाले. तेही स्वतःच्या ओट्यावर, भर संध्याकाळी, शेजारच्या बयनाबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. म्हणजे दवंडीचा खर्चही वाचला.

वास्तविक त्यांचा बेत साधा होता. नागोराव मंडल कार्यालयात, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, कारकून. दिवसभर खुर्ची आणि संध्याकाळी ओटा. साखरेच्या डॉक्टरनं चालायला सांगितलेलं, पण गावात चालायला निघावं तर कोणी ना कोणी आडवं येऊन जमिनीच्या पट्ट्याचं काय झालं म्हणून विचारणार. तेव्हा दिवाळी आटोपली की एका रविवारी चार माणसांनी नार्नूरकडचा डोंगर चढावा, वर बसून डबा खावा, उन्हाच्या आत खाली यावं, इतकंच. त्यासाठी ते आठवडाभर मोबाइलवर डोंगर चढणाऱ्यांचे व्हिडिओ पाहत होते आणि जेवताना बायकोला, ताराबाईंना, नियम ऐकवत होते. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढं, म्हणजे कोणी मागं सुटत नाही. परतीची वेळ झाली की शेंडा हातभर राहिला असला तरी फिरायचं. जंगलात आग पेटवायची नाही. गळ्यात शिट्टी पाहिजे. ताराबाई म्हणायच्या, "पयले भाजी वाढू का शिट्टी वाढू?"

तर बयनाबाई. वय सत्तरीच्या पुढं, कापूस वेचायला अजून सुनांच्या पुढं. त्या कुंपणावरून वाकल्या.

"काऊन रे नागो, नवस कायचा व्हता?"

"नवस नाई काकू. सहज जाऊन राह्यलो."

"सहज कोनी डोंगर चढते का बापा? वरतं कोनता देव हाय?"

"देवगिव काई नाई वर. नुसता दगड हाय."

बयनाबाईंनी त्यांच्याकडं फार मायेनं पाहिलं. "नसन सांगाचं तं नको सांगू," म्हणाल्या आणि आत गेल्या.

हे "नको सांगू" फार वाईट असतं. दुसऱ्या दिवशी नागोराव दाढी करायला बसले तर न्हाव्यानं वस्तरा गळ्यावर ठेवून विचारलं, "तब्येतीचा हाय का पोरीच्या लग्नाचा?" दुपारपर्यंत गावात दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं की नागोरावांना मोठा आजार आहे. दुसऱ्याचं म्हणणं की आजार पोरीला आहे आणि ते लपवून ठेवलंय. नागोराव जितकं नाही म्हणत तितकं दोन्ही पक्षांचं मत पक्कं होई. संध्याकाळी लोक घरी नारळ आणून देऊ लागले. "वर चाललेच हा तं आमचा बी एक फोडजा."

"अरे पण वर देव नाही ना!"

"असन ना कोनी ना कोनी. एवढा मोठा डोंगर रिकामा थोडाच ठेवला असन?"

आता तुम्ही म्हणाल, माणसानं सरळ खुलासा करावा. कसा करणार? मी नवस केलेला नाही हे सिद्ध करायचा काही मार्ग आहे का? नागोरावांनी सगळी हयात दफ्तरात घालवली, लोकांच्या दरख्वास्तींना पुरावे जोडून घेतले, पण न केलेल्या नवसाचा पुरावा कुठून आणायचा हे त्यांना सुचेना. नारळांचं पोतं भरत चाललं.

त्यात जंगलखात्याची मंजुरी. न विचारताही गेले असते, बरेच जण जातात. पण नागोराव सरकारी माणूस आणि व्हिडिओतल्या पोरानं बजावलेलं की परवानगीशिवाय डोंगरावर पाय ठेवू नका. म्हणून ते रजा टाकून गेले. तिथले साहेब भले होते, खुर्ची दिली, चहा दिला.

"क्यों जाना है सर?"

"चढना है."

"चढके?"

"उतरना है."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ऐसा नहीं होता सर. कुछ कारण तो होगा." मग त्यांनीच डोकं चालवून तेलुगूत 'दैवदर्शनम्' लिहिलं, शिक्का मारला आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "हमारे वास्ते भी दर्शन करना." नागोरावांनी कागद घडी करून खिशात घातला. कागदावर आलं की ते खरं, हे त्यांनी आजवर किती शेतकऱ्यांना सुनावलं होतं! तिथला शिपाई बेल्याचा. नागोराव घरी पोचायच्या आधी बातमी पोचली की नवस आहे असं सरकारनंही मान्य केलं.

इथपर्यंत नुसता वैताग होता. खरी आग पुढं लागली. ती लागली नदीपलीकडून.

नागोरावांची एकुलती लेक शुभांगी. नर्सिंग करून आदिलाबादला कामाला. तिचं पांढरकवड्याच्या बापूजींच्या मुलाशी, नागेशशी, ठरत आलेलं. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत, रोज फोनवर बोलणं, साक्षगंधाची तारीख तेवढी निघायची बाकी. बापूजींचं कृषी केंद्र. बियाणं, खत, फवारणी आणि जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला तिथं मिळतो. या होणाऱ्या व्याह्यांचा, बेल्याच्या बोलीत इवायांचा, फोन आला.

"नागोराव, म्या आयकलं तुमी मोठा नवस फेडून राह्यले."

"नाई हो इवाई, व्यायाम हाय. नुसता व्यायाम."

"व्यायामाले नारळाचं पोतं कायले लागते?"

पोत्याची खबर नदी ओलांडून गेली होती.

"हे पाहा," बापूजी म्हणाले, "आमी सरळ मानसं. पोरीचं काही असन तं आताच सांगा. नाईतं असं करू, मी बी येतो रविवारी. पाहून घेतो कायचा डोंगर हाय तो."

त्या रात्री शुभांगीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "बाबा, त्यांच्या घरी लोक कान भरून राह्यले. नागेश म्हणतो, बापूजींचं मन एकदा फिरलं तं फिरलं. तुमी फकत एक दिवस सांभाळून घ्या. ते जे म्हणतीन त्याले हो म्हणा. तुमचे नियम त्याइले सांगू नका." पोरीनं बापाकडं आजवर काही मागितलं नव्हतं. नागोराव म्हणाले, "शब्द दिला."

रविवारी सकाळी दारात पिकअप उभी राहिली. आदल्या दिवशी तिनं कापूस वाहिलेला, कोपऱ्याकोपऱ्यात बोंडं अडकलेली. चार माणसांच्या जागी ताराबाई, रात्रीच आदिलाबादहून आलेली शुभांगी आणि निम्मी आळी चढून बसली. नागोरावांचे खरे सोबती एकटे देवानंद सर. बेल्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात, नवसाबिवसाशी त्यांचा काही संबंध नाही. ते एका कोपऱ्यात पाण्याची बाटली धरून बसले होते. त्यांच्या एका अंगाला नारळाचं पोतं आणि दुसऱ्या अंगाला एक दुसरंच पोतं.

"हे काय हाय?" नागोरावांनी विचारलं.

"गोवऱ्या," बयनाबाई म्हणाल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"काकू, जंगलात आग नाई पेटवाची! सांगतलं होतं ना म्या!"

"डोंगरावर जाऊन रोडगे नाई खावाचे? वांग्याची भाजी घेतली, कणीक मळून घेतली. गोवरीच्या आरात नाई भाजाचे तं काय तुया शिट्टीवर भाजाचे?"

शेवटी तोड निघाली की रोडगे खाली आल्यावर, मोकळ्या वावरात. बयनाबाईंनी मान डोलावली. ती मान डोलावणं खोटं होतं हे पुढं कळलं.

बापूजी परस्पर पायथ्याशी आले. पांढरा कडक शर्ट, नवी कोल्हापुरी चप्पल, मजबूत देह. जीपमधून उतरले तेवढ्यानंच त्यांना धाप लागली. नागोरावांनी गळ्यातली शिट्टी सावरली. आता नियम पहिला. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढं. त्यांनी बापूजींकडं पाहिलं, मग शुभांगीकडं पाहिलं, मग आभाळाकडं. सगळ्यात हळू कोण चालणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण मुलाच्या बापाला ते सांगणार कोण?

देवानंद सर हळूच खाकरले. "इवायाचा मान पयला. बापूजी, तुमी पुढं व्हा."

बापूजींनी छाती काढली आणि पुढं झाले. नागोरावांना वाटलं, सरांना तिथंच मिठी मारावी. मानही राहिला आणि नियमही राहिला. सगळ्या भानगडीत तेवढा एक क्षण त्यांना सुखाचा गेला.

पण पुढं चालणाऱ्याच्या मागंच बाकीच्यांना जावं लागतं, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. जिथं वाट फुटे तिथं बापूजी बेधडक एक वाट धरत आणि ती हमखास चुकीची असे. पण इवाई चुकले असं म्हणायचं कोणी? अख्खी वरात त्यांच्या मागं घाणेरीच्या झुडपात शिरे, बायकांचे पदर अडकत, पोटऱ्या ओरबाडून निघत, मग झुडूपच संपे तेव्हा बापूजी म्हणत, "हे पाहून ठेवलेलं बरं असते," आणि वळत. नागोरावांनी दोनदा शिट्टी फुंकली.

"ते पिपाणी कायले वाजवून राह्यले?" बापूजी म्हणाले. "मी काय यष्टी हाव?"

"हो हो," नागोराव म्हणाले. शब्द दिला होता.

चढ लागला तसे बापूजी दर झाडाखाली थांबू लागले. थांबले की कापसावर कोणती फवारणी मारावी ते सांगत, म्हणजे दम लागला असं दिसायला नको. डोक्यावर टोपलं घेतलेल्या बयनाबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहून कुरकुरत होत्या. "मांगून ढकलू का हो यायले?" असं त्यांनी एकदा मोठ्यानंच विचारलं. ताराबाईंनी त्यांना चिमटा काढला. नागोराव शेपटाला, घामानं निथळत, घड्याळ पाहत. बुटांनी टाच सोलली होती. आजारी आहेत म्हणणाऱ्या पक्षाची माणसं वळूनवळून त्यांच्या तोंडाकडं पाहत होती आणि समाधानानं मान हलवत होती.

शेंड्याच्या जरा खाली एक मोठी कपार लागली. वर छपरासारखा पुढं आलेला खडक, खाली गार सावली, भोवती कमरेएवढं वाळलेलं गवत. बापूजींनी बैठक मारली.

"बस. इथंच रोडगे."

बयनाबाईंनी टोपल्यावरचं फडकं काढलं. भाकऱ्या आहेत म्हणून आणलेल्या टोपल्यात खाली गोवऱ्या रचलेल्या! नागोरावांच्या डोक्यात सणक गेली. त्यांनी तोंड उघडलं तर समोर शुभांगी. दिलेला शब्द आठवा असं डोळ्यांनीच सांगत होती.

"इवाई," नागोराव मध घोळवल्यासारखं बोलले, "मी काय म्हणतो, एवढ्यात भूक लागली का?"

"लागली."

"वारा बी लय हाय."

"आडोसा हाय ना."

देवानंद सरांनी नागोरावांचं कोपर दाबलं आणि डोळ्यांनीच वर दाखवलं. नागोरावांनी वर पाहिलं. खडकाच्या पोटाला, बापूजींच्या बरोबर डोक्यावर, सुपाएवढं काळं आग्या मोहोळ लटकलं होतं. त्याच्या शेजारी आणखी एक. वरून माश्यांची लाट सरकत होती. खाली धूर झाला असता तर तिथून एकही माणूस धड खाली गेला नसता.

"तुमी सांगा," सर कुजबुजले. "तुमचे इवाई हायत."

"इवाईसाहेब," नागोराव शक्य तितक्या हळू आणि शक्य तितक्या अदबीनं म्हणाले, "आपण जरा वरतं पाहता का?"

"पाह्यलं. झ्याक सावली हाय." बापूजींनी काडी ओढली. वाऱ्यानं विझली. त्यांनी दुसरी काढली.

"नाई म्हणजे, आपल्याले विनंती हाय की..."

"नागोराव, तुमी लय भेता बुवा. मी सगळं पाहून घेतो." दुसरी काडी पेटली. बापूजी गोवरीवर वाकले.

तेव्हा नागोरावांच्या तोंडून जे निघालं ते त्यांचं त्यांनाही नंतर खरं वाटेना. "अबे ए बाप्या! फेक ते काडी! मराले आला का बे इथं?" आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. पुढं झेप घेऊन त्यांनी इवायाच्या हातावर चापट मारली, पडलेली काडी बुटाखाली रगडली, पेटी हिसकून खिशात घातली.

मुलाच्या बापाला अबे! बाप्या! आणि वरून चापट! ताराबाईंनी पदर तोंडावर घेतला. बापूजी लालबुंद झाले, काही बोलणार एवढ्यात नागोरावांनी त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं. बापूजींनी पाहिलं. त्यांचा लाल चेहरा शर्टाएवढा पांढरा झाला.

"कोनी बोलू नका, कोनी पळू नका," नागोराव कुजबुजले. "खाली बसा आन रांगत निंगा. बापूजी, तुमी पयले."

मग ती वरात निघाली. सगळ्यात पुढं मानाचे इवाई, कडक शर्टात, चारी हातापायांवर. मागं बायका, मागं आळीतले लोक, मागं देवानंद सर, आणि शेवटी नागोराव. माश्या शहाण्या. त्यांनी या गर्दीची दखलही घेतली नाही. फक्त एकीला काय वाटलं कोण जाणे, तिनं येऊन नागोरावांच्या नाकाच्या शेंड्यावर बरोब्बर डंख केला. ते ओरडले नाहीत. नियम होता.

मोकळ्यावर आल्यावर शुभांगीनं नखानं काटा काढला. बयनाबाईंनी लगेच कांदा फोडून नाकावर रगडला, नर्स नको म्हणत असताना. शुभांगीचे डोळे भरले होते आणि ते कांद्यानं नव्हते. नागोरावांना ती माशी परवडली, पण ते डोळे पाहवेनात. घड्याळात परतीची वेळ झाली होती. शेंडा तिथून अगदी जवळ दिसत होता, पोतंभर नारळ घेऊन लोक आशेनं बघत होते. पण आता त्यांच्याजवळ घालवायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी करकचून शिट्टी मारली. "परत!" आणि आश्चर्य म्हणजे सगळे मुकाट फिरले.

उतारावर बापूजी वाट फुटली की थांबत आणि नागोरावांनी हात केला की तिकडं वळत. ताराबाई दातांखालून म्हणाल्या, "झालं तुमचं समाधान? आता पोरगी घरात ठेवा आन तुमी डोंगर चढत राहा." नागोरावांचं नाक वांग्याएवढं सुजलं होतं.

पायथ्याच्या रिकाम्या वावरात, मालकाला विचारून, गोवऱ्या पेटल्या. रोडगे भाजले, वरण झालं, वांग्याच्या भाजीचा वास सुटला. बापूजी खाली मान घालून जेवले. नागोराव पानावरून उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"इवाई, तोंडातून निंगून गेलं. माहं चुकलं. त्याची शिक्षा माह्या पोरीले देऊ नका. तिच्यात काई खोट नाई आन माहा कोनता नवस बी नाई. देवाशप्पत सहज चढलो."

बापूजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग तुपात रोडगा कुस्करायला घेतला.

"मले 'अबे' म्हणणारा माहा बाप होता," ते म्हणाले. "तो गेल्यावर कोनी म्हणलं नाई. सगये हो बापूजी, बरं बापूजी. आज मी काडी ओढून राह्यलो होतो आन एवढे मानसं तोंडाकडं पाहत होते. मरतो तं मरू दे, पन मान राहू दे." मग ते उठले, नारळाच्या पोत्यातून एक नारळ काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मानसं हो, आयका. रांगता रांगता म्या वरच्या देवाले बोललो. सगये धडधाकट खाली उतरले तं लगन झाल्यावर पोरगा आन सून घेऊन या डोंगराच्या शेंड्यावर येईन. रोडगे खालीच. पोरीचा बाप पुढं राहीन, शिट्टी घेऊन."

"वर देव नाही हो!" नागोराव कळवळून म्हणाले. "आन पुन्हा चढाचं? माही टाच सोलली, नाक पाहा माहं! इवाई, दुसरा कोनता नवस..."

ताराबाईंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा घेतला की ते माशीचा डंख विसरले. "अवो, सून म्हणले ते! सून!"

नागोराव थांबले. त्यांनी शुभांगीकडं पाहिलं. ती केव्हाच उठून पिकअपच्या मागं गेली होती आणि फोन कानाला लावून हसत होती. नागोरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा लावला होता म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पिकअप बेल्याकडं निघाली. नारळांचं पोतं जसंच्या तसं परत चाललं होतं, पुढच्या वेळेसाठी. देवानंद सर झोपले होते. नागोराव सुजलं नाक धरून पुन्हा चढाव्या लागणाऱ्या डोंगराकडं वैतागून बघत होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या बयनाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर थापटलं.

"म्या तं पयल्याच दिवशी म्हणलं होतं, नागो," त्या म्हणाल्या. "नवस हाय म्हणून."